दोन तक्रारी, एक संशय आणि तीन अंश: एका हलक्या विमानाच्या इग्निशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या एका दोन आसनी मायक्रोलाइट विमानाचं आहे. मालक, विमान आणि धावपट्टी ओळखू येईल असा तपशील गाळला आहे. इंजिनाचा तपशील मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. देखभालीच्या वहीवर सही माझी असते, त्यामुळे यात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझं आहे.

मालक द्राक्ष बागायतदार. हौशी, पण नियम पाळणारा माणूस. मदतीला तात्या. तात्यांनी वायुसेनेत एचपीटी-३२ या प्रशिक्षण विमानावर उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर ते नाशिकला स्थायिक झाले. त्या विमानाला लायकमिंगचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, म्हणजे मॅग्नेटोचं (इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगी तयार करणाऱ्या यंत्राचं) काम तात्यांच्या बोटांत मुरलेलं. आमच्यापुढचं इंजिन वेगळ्या जातकुळीचं होतं: रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्ती, चार सिलिंडर, पंखा (प्रोपेलर) गिअरबॉक्समधून फिरणारा.

या इंजिनाच्या इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोळ समजेल. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि ते ए आणि बी अशा दोन स्वतंत्र सर्किटवर विभागलेले असतात. एक सर्किट गेलं तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहतं. प्रत्येक सर्किटला स्वतःचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, काळ्या डबीसारखं, इंजिनाच्या माथ्यावर बसवलेलं. या मॉड्यूलना वीज बॅटरीतून मिळत नाही. फ्लायव्हीलमागच्या स्वतंत्र चार्जिंग कॉइलमधून मिळते. बॅटरी काढून टाकली तरी चालू इंजिन बंद पडत नाही. ही रचना मला फार आवडते. पण याच गोष्टीने आम्हाला तीन महिने चकवलं.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, फॅक्टरीतच पक्कं केलेलं असतं. सुरू होताना ठिणगी टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या) ४ अंश आधी पडते आणि साधारण १००० आरपीएमच्या वर २६ अंश आधी. मधे काही नाही आणि फिरवायला स्क्रूही नाही. लायकमिंगवर मॅग्नेटोचे नट सैल करून अख्खी बॉडी किंचित वळवायची, बझर वाजला की घट्ट करायची, अशी पद्धत असते. त्यामुळे "टायमिंग सेटच करता येत नाही?" हा तात्यांचा पहिला प्रश्न होता.

अडचण

जानेवारीत पहिली तक्रार आली. सकाळी इंजिन सुरू होत नव्हतं. निफाडचं नाव राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत दर हिवाळ्यात येतं आणि आमची शेड तिथून फार लांब नाही. सात-आठ वेळा स्टार्टर मारल्यावर एकदाच ठिणगी पडायची आणि इंजिन उलटा झटका द्यायचं. तो आवाज कानात बसतो: लोखंडी दार आपटल्यासारखा. झटक्याचा सगळा भार स्टार्टरच्या स्प्रॅग क्लचवर (एकाच दिशेने जोर देणाऱ्या जोडणीवर) आणि गिअरबॉक्सवर येतो. तो क्लच बदलायचा तर इंजिनाची मागची बाजू उघडावी लागते.

दुसरी तक्रार मार्चअखेरची. अर्धा-पाऊण तास चालवून विमान थांबवलं, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू केलं आणि ४००० आरपीएमवर इग्निशन तपासणी घेतली, तर ए सर्किटवर इंजिन अडखळायचं. दहा मिनिटं कौल (इंजिनावरचं झाकण) उघडा ठेवला की सगळं ठीक.

मॅन्युअलप्रमाणे ४००० आरपीएमवर एक सर्किट बंद केल्यावर आरपीएम ३०० पेक्षा जास्त पडू नये आणि दोन्ही सर्किटमधला फरक ११५ पेक्षा जास्त नसावा. थंड असताना आमचे आकडे ए २०० आणि बी १९०, म्हणजे उत्तम. गरम असताना ए वर इंजिन बंदच पडायला लागायचं.

आम्ही दोन्ही तक्रारी वहीत एकाच ओळीत लिहिल्या: "इग्निशन मॉड्यूल संशयास्पद." ती ओळ माझ्या हातची आहे. थंडीतला त्रास आणि उन्हातला त्रास एकाच रोगाचे, असं आम्ही तिथेच गृहीत धरलं आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहिले.

पहिला निर्णय: दोष नक्की कुठे?

उन्हातल्या तक्रारीचा तपास आम्ही नीट केला. ए आणि बी मॉड्यूलची अदलाबदल केली. गरम झाल्यावर दोष मॉड्यूलबरोबर दुसऱ्या सर्किटवर गेला. म्हणजे वायरिंग, कॉइल, प्लग निर्दोष आणि ते एक मॉड्यूल खरोखर गेलेलं. त्याच्या अंगावर तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावली. इंजिन बंद केल्यावर कौलच्या आत पाणी आणि हवा दोन्ही थांबतात आणि इंजिनातली उष्णता वर चढते. वीस मिनिटांनी पट्टीवर ८८ अंश उमटले होते. कंपनीची मर्यादा ८० ची आहे.

थंडीतल्या तक्रारीचा तपास आम्ही केलाच नाही. "इग्निशनला बॅटरी लागत नाही," हे वाक्य तिघांनाही पाठ होतं. त्यामुळे बॅटरीकडे कोणी बघितलं नाही.

समोरचे पर्याय

मूळ बनावटीची नवी जोडी घ्यायची, हा सरळ रस्ता. पण आयात शुल्कासह खर्च ऐकून मालक गप्प झाला. त्या वर्षी अवकाळीने बागेचं नुकसान झालेलं होतं. त्यामुळे मलाही जोर लावून सांगवेना.

जुनं मॉड्यूल उघडून दुरुस्त करायचं म्हटलं, तर आतला सर्किट बोर्ड रेझिनमध्ये ओतून बंद केलेला असतो. अंबडच्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं.

तिसरा पर्याय इतर उत्पादकांच्या मॉड्यूलचा. यात दोन जाती दिसल्या. एक १२ व्होल्टवर, म्हणजे विमानाच्या बॅटरीवर चालणारी. ती मी लगेच बाजूला ठेवली. चार्जिंग बंद पडलं तर आज फक्त दिवे आणि रेडिओ जातील, त्या मॉड्यूलवर इंजिनही जाईल. दुसरी जात मूळ चार्जिंग कॉइलवरच चालणारी, त्याच जागी बसणारी आणि लॅपटॉप जोडून टायमिंगचा तक्ता बदलता येणारी. कमी आरपीएमवरही ठिणगी देते, असा तिचा लौकिक. मालकाच्या ओळखीच्या एकाकडे असं एक मॉड्यूल "न वापरलेलं" म्हणून होतं. सोबतच्या कागदावर लिहिलेलं: कमाल ॲडव्हान्स २६ अंश, म्हणजे टीडीसीच्या जास्तीत जास्त २६ अंश आधी ठिणगी.

इथे मी एक अट घातली आणि ती घातली याचं आजही समाधान आहे. नोंदणीकृत विमानाच्या इंजिनात असा बदल डीजीसीए या नागरी विमान नियामकाच्या मान्यतेशिवाय करून उडता येत नाही. म्हणून हे मॉड्यूल फक्त जमिनीवर, विमान दोरांनी बांधून, तपासणीपुरतं लावायचं. उड्डाण नाही. मालक म्हणाला, "सर, एक चक्कर मारून बघितली असती तर कळलं असतं." तात्या त्याच्यावर कडाडले, "अरे, वर गेल्यावर कळून काय उपयोग?"

काय केलं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ए वर नवं मॉड्यूल बसलं, बी वर जुनं राहिलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तपासणीत बी वर १९० ची घट, ए वर फक्त ११०. मालकाचा चेहरा खुलला. मीही वहीत "कामगिरी सुधारली" असं लिहिलं.

दोन आठवड्यांत मिळून साधारण चाळीस मिनिटं आम्ही ते जमिनीवर चालवलं, त्यातली काही मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर. हेडचं (सिलिंडरच्या माथ्याचं) तापमान आधीपेक्षा सहा-सात अंशांनी जास्त दिसायला लागलं. बाहेर ३९ अंश ऊन होतं, त्यामुळे दोष उन्हाला गेला. एक्झॉस्टचं तापमान मात्र उलट थोडं उतरलं होतं. ते कोणाच्या डोळ्यांत आलं नाही, कारण कमी झालेल्या आकड्याची काळजी कोणी करत नाही.

तात्यांना टोचत होता तो ११० चा आकडा. ते म्हणाले, "मॅग्नेटोचा ड्रॉप फार चांगला दिसला की आम्हाला आधी टायमिंग बघायला सांगायचे."

त्यामागची यंत्रणा अशी. दोन प्लगांनी पेटलेलं मिश्रण दोन टोकांकडून जळत येतं, म्हणून लवकर संपतं. एका प्लगवर जळायला जास्त वेळ लागतो, दाब उशिरा चढतो, म्हणून आरपीएम पडतं. ठिणगी आधीच टाकली तर एका प्लगवरचा हा उशीर भरून निघतो आणि घट कमी दिसते. पण दोन्ही सर्किट चालू असताना तीच आगाऊ ठिणगी जास्त दाब आणि जास्त उष्णता बनते. हेड तापतं. मिश्रण आतच लवकर जळून गेल्याने एक्झॉस्ट गार होतो. आमच्या वहीत तिन्ही खुणा होत्या, फक्त तीन वेगळ्या पानांवर.

मी प्लग काढले. एका सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे कण होते. भिंगाखाली धरल्यावर मला घाम फुटला. हे डिटोनेशनचं, म्हणजे मिश्रण एकदम स्फोटासारखं पेटण्याचं, लक्षण असू शकतं. गाडीत इंजिन ठोकतं ते ऐकू येतं, विमानात पंख्याच्या आवाजात काही कळत नाही. त्यात यूएलएसचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून त्याला ९५ ऑक्टेन लागतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि रोटॅक्स १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतं. आम्ही एव्हिएशन गॅसोलीन वापरत होतो, म्हणून निदान इंधनावर संशय घ्यावा लागला नाही.

इंजिन त्याच दिवशी बंद केलं आणि मोजल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही असं ठरलं.

मोजमाप

पहिला प्रयत्न फसला. तात्यांनी सवयीने पंख्याच्या स्पिनरवर (मधल्या टोपीवर) अंशांची पट्टी चिकटवली. लायकमिंगवर पंखा थेट क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) असतो, त्यामुळे पंख्याचा अंश तोच क्रँकचा अंश. इथे मधे २.४३ पटीचा गिअरबॉक्स आहे. क्रँकचे २६ अंश पंख्यावर पावणेअकराही भरत नाहीत. शिवाय झटके शोषायला गिअरबॉक्समध्ये काही अंशांची मोकळीक ठेवलेली असते. पंखा हाताने मागेपुढे केला तर ती बोटांना जाणवते, क्रँक मात्र हलत नाही. म्हणजे जे मोजायचं होतं त्यापेक्षा चूकच मोठी. तात्यांनी पट्टी सोलून काढली, गोळा करून खिशात टाकली आणि म्हणाले, "इथे माझी विद्या संपली. दुसरं काहीतरी बघ."

उपाय अंबडच्या त्याच इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने सुचवला आणि तो इतका साधा होता की मला आधी सुचायला हवा होता. एकाच सिलिंडरच्या दोन प्लगांपैकी एक ए चा, एक बी चा. दोन्हींच्या वायरला एकेक क्लॅम्प लावायचा आणि दोन चॅनलच्या ऑसिलोस्कोपवर (विजेचे ठोके पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) दोन ठिणग्यांमधलं अंतर बघायचं. टायमिंग सारखं असेल तर दोन्ही टोकं एका रेषेत येतील. पंख्याच्या जवळ जायची गरज नाही, स्ट्रोब (लुकलुकणारा टायमिंगचा दिवा) नको. वायर कौलमधून मागे घेऊन स्कोप विमानाच्या पंखाच्या (विंगच्या) टोकापलीकडे टेबलावर ठेवला. चाकांना अडसर, शेपटीला दोर आणि कॉकपिटमध्ये मी.

हिशेब असा: ५००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ३०,००० अंश फिरतो, म्हणजे एका अंशाला ३३ मायक्रोसेकंद लागतात. ४००० ला सुमारे ४२.

आधी जुनं ए मॉड्यूल परत लावलं, कारण थंड असताना ते नीट चालायचं. दोन मूळ मॉड्यूलमधला फरक सगळ्या आरपीएमवर १० मायक्रोसेकंदांच्या आत, म्हणजे नगण्य. मग नवं लावलं. २५०० ला दोन्ही टोकं जवळपास एकत्र. ४००० ला नवं ८० मायक्रोसेकंद आधी. ५००० च्या वर १०० मायक्रोसेकंद आधी. क्लॅम्पची अदलाबदल करून पुन्हा बघितलं, तरी आकडा तोच. म्हणजे ४००० ला दोन अंश आणि वर तीन अंश जास्त ॲडव्हान्स. २६ लिहिलेलं मॉड्यूल २९ वर ठिणगी देत होतं.

मग केबल जोडून मॉड्यूलमधला तक्ता लॅपटॉपवर उघडला. ३००० पर्यंत २६, ४००० ला २८, ५००० पासून पुढे २९. "न वापरलेल्या" त्या मॉड्यूलमध्ये आधी कोणीतरी आपल्या पसंतीचा तक्ता भरलेला होता. बाहेरून बघून ते कळायला काही मार्ग नव्हता. कागद खरा होता, पण फॅक्टरीतून निघतानाच्या अवस्थेचा.

त्याच दिवशी स्कोप लावलेलाच आहे तर म्हणून स्टार्टरवर इंजिनाचा वेगही मोजला आणि जानेवारीचं कोडं सुटलं. थंड इंजिन १९० ते २०० आरपीएमने फिरत होतं, तेही एप्रिलमध्ये. या इग्निशनला ठिणगी द्यायला किमान २२० लागतात. बॅटरी इग्निशनला वीज देत नाही हे खरं, पण स्टार्टरला देते. स्टार्टर हळू फिरला की चार्जिंग कॉइलमध्ये पुरेशी वीज तयार होत नाही. एखादा फेरा कसाबसा २२० ला शिवला की एकच ठिणगी पडते. पिस्टनला टीडीसी ओलांडायचा जोर नसतो, तो उलटा ढकलला जातो. तोच तो झटका.

स्टार्टर मारताना अर्थच्या (करंट बॅटरीकडे परत येतो त्या वाटेच्या) बाजूने व्होल्टेज मोजलं, तर इंजिन आणि बॅटरीच्या ऋण टोकामध्ये १.४ व्होल्ट गळत होते. अर्थची पट्टी सोडली. इंजिन माउंटला रंग दिला होता तेव्हा बोल्टखालची जागाही रंगवली गेली होती आणि करंट बोल्टच्या आट्यांमधून वाट काढत होता. नखाएवढी जागा पॉलिश पेपरने घासली, खालून चकचकीत धातू निघाला. एवढ्या जागेपायी जानेवारीपासून आम्ही मॉड्यूलला दोष देत होतो.

दुसरा निर्णय: तक्ता दुरुस्त करायचा की मॉड्यूल काढायचं?

लॅपटॉपवर २९ चे २६ करायला दोन मिनिटं पुरली असती. मालकाचा आग्रह तोच होता आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. मोजायची पद्धत आता हातात होती, मॉड्यूलची ठिणगी जोरकस होती, पैसे वाचत होते. मान्यतेसाठी अर्ज करून वर्षभर थांबायचीही त्याची तयारी होती.

मी तीन गोष्टी तोलल्या. तक्त्याला कुलूप नव्हतं. आज आम्ही २६ केले तरी उद्या विमान विकलं गेलं की पुढचा माणूस काय भरेल याची हमी नाही. दुसरं, एका इंजिनावर दोन जातींची मॉड्यूल: ज्याची ठिणगी आधी, तोच इंजिनाचा मालक. दुसरं सर्किट असूनही ही चूक झाकली जाते, उलट तपासणीचा आकडा चांगला दिसतो. तिसरं म्हणजे मान्यतेचा कागद आणि त्याशिवाय माझी सही नाही.

या इंजिनावर टायमिंग फिरवता येत नाही ही उणीव आहे, असं मला सुरुवातीला वाटायचं. त्या संध्याकाळी ते मत बदललं. लायकमिंगच्या बऱ्याच इंजिनांवर २५ अंश हा आकडा डेटा प्लेटवर ठोकलेला असतो. कोणीही टॉर्च लावून वाचू शकतो आणि मॅग्नेटो त्याच्याशी ताडू शकतो. इथे आकडा मॉड्यूलच्या पोटात असतो. तो बदलता येत असेल तर तो बाहेरून वाचताही आला पाहिजे. या मॉड्यूलवर ते शक्य नव्हतं, म्हणून ते काढलं.

निष्पत्ती

बोरस्कोपने (प्लगच्या भोकातून आत बघायच्या बारीक कॅमेऱ्याने) चारही सिलिंडर पाहिले. पिस्टनच्या माथ्यावर खड्डे नव्हते, कॉम्प्रेशन चारही ठिकाणी सारखं. प्लग बदलले. अर्थची पट्टी नवी, जाड आणि आखूड लावली, बॅटरी बदलली. स्टार्टरवरचा वेग २८० च्या वर गेला. जुनीच मॉड्यूल ठेवून थंड इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं आणि झटके थांबले.

गरम झाल्यावर दगा देणारं मॉड्यूल मात्र बदलावंच लागलं. मालकाने मूळ बनावटीचं एकच घ्यायचं ठरवलं होतं, पण दुसरंही त्याच वयाचं आणि त्याच उष्णतेत भाजलेलं होतं. द्राक्षांचे पैसे आल्यावर जोडी आली. तोवर विमान शेडमध्ये. नवी जोडी लावून स्कोपवर तोच प्रयोग केला: फरक १० मायक्रोसेकंदांच्या आत, ड्रॉप १८० आणि १७०. उतरल्यावर नाक वाऱ्याकडे करून उभं करायचं आणि लगेच कौलची तपासणीची झडप उघडायची, अशी सवय लावली. मे महिन्यात चिकटपट्टी ७५ च्या पुढे गेली नाही.

काढलेलं मॉड्यूल मी विकत घेतलं. विद्यार्थ्यांना स्कोपवर दाखवायला उपयोगी पडतं. त्याच्या अंगावर लाल रंगाने "उड्डाणासाठी नाही" असं लिहून ठेवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दोन तक्रारी दोन ओळींत लिहिल्या असत्या तर मार्चअखेरीसच कोणीतरी स्टार्टरचा वेग मोजला असता. मल्टिमीटर लावून पाच मिनिटांत अर्थचा दोष सापडला असता आणि "कमी आरपीएमवरही ठिणगी देतं" या गुणासाठी ते मॉड्यूल आणायची गरजच उरली नसती.

मॉड्यूल बसवण्याआधी त्याचा तक्ता वाचायला हवा होता. केबल डब्यातच होती. इंजिन पूर्ण थ्रॉटलवर नेण्याआधी स्कोपवर दोन ठिणग्यांची तुलना करायला हवी होती. चाळीस मिनिटं आम्ही नशिबावर काढली. नाशिकच्या उन्हात बांधून ठेवलेल्या विमानाच्या इंजिनाला पुरेसा वारा मिळत नाही, हेही मला ठाऊक होतं.

ड्रॉपची वरची मर्यादा मॅन्युअलमध्ये आहे, खालची नाही. आता मी प्रत्येक विमानाचा नेहमीचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहितो आणि तो ४० आरपीएमने जरी सुधारला तरी कारण सापडेपर्यंत उड्डाणाला सही देत नाही. शेजारी हेडचं आणि एक्झॉस्टचं तापमान, बाहेरचं तापमान, एकाच ओळीत. तात्यांनी त्या पानावर खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली आहे: "अर्थच्या बोल्टखाली रंग नसावा."